सोलापुरातल्या थंडीत बागेत काय फुलवावं? (माश्या, भुंगे, फुलपाखरांसाठी)

गच्चीतली_बाग | १६ नोव्हेंबर

दिवाळी उरकली, आकाशकंदील उतरले आणि आता आपल्याकडे बागेचे खरे दिवस सुरू झाले. पुण्या-मुंबईची मंडळी पावसाळ्यात बाग बघून हरखतात. सोलापूरकराची बाग म्हणजे कार्तिक ते माघ. दुपारी तीसच्या आसपास, पहाटे बारा-पंधरा अंश, हवा कोरडी, ऊन स्वच्छ. झाडांना आणखी काय पाहिजे? (पाणी पाहिजे. पण तो विषय काढला तर हा धागा नळाच्या वेळापत्रकावरच संपेल, म्हणून इथंच थांबते.)

नर्सरीत 'थंडीची फुलझाडं द्या' म्हटलं की ठरलेला माल पुढे येतो. पिटुनिया, डबल झेंडू, भरगच्च शेवंती, डेलिया, वर एखादं लाल पॉइन्सेटिया. गच्ची रंगीत होते हे खरं. पण सकाळी नऊ-साडेनऊला चहा घेऊन तिथं बसा आणि बघा, त्यातल्या किती फुलांवर कोणी येतंय. डबल झेंडूवर एखादी माशी उतरते, पाकळ्यांत तोंड खुपसून चाचपते आणि निघून जाते. साध्या झेंडूच्या मधल्या चकतीत बारीक नळीसारखी फुलं असतात, मध-पराग तिथं. भरगच्च जातीत त्यांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मग तिनं खायचं काय?

त्याच गच्चीच्या कोपऱ्यात एका फुटक्या पिंपात सब्जा आपोआप उगवलाय. दिसायला अगदी गबाळा, अर्धे तुरे वाळलेले. पण जवळ गेलं की गुणगुण ऐकू येते. शेजारी कोरांटी आहे, पिवळी आणि जांभळी दोन्ही, ती पाऊस संपला की फुलायला लागते आणि संक्रांत ओलांडते. एक मुळा उपटायचा राहिला, तो जून होऊन फुललाय. डिंगऱ्यांची भाजी होईल ती होईल, फुलांवर मात्र आत्ताच गर्दी आहे. तुळशीच्या मंजिऱ्या मी खुडते, रोप टिकावं म्हणून, पण एक रोप मुद्दाम न खुडता माश्यांसाठी सोडलेलं आहे. आणि कुंड्यांतला दगडी पाला (काही जण एकदांडी म्हणतात). त्याच्या त्या चिमुकल्या पिवळट फुलांवर जितकी छोटी फुलपाखरं येतात तितकी माझ्या एकाही विकतच्या रोपावर येत नाहीत.

तुमच्याकडे काय फुलतं आणि त्यावर कोण येतं, लिहा. नावं माहीत नसली तरी चालेल, वर्णन करा. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, तुळजापूर इकडच्या लोकांनी तर लिहाच.

टोरांटोचा_पाहुणा | १६ नोव्हेंबर

मूळचा अशोक चौकातला, सध्या मुक्काम बर्फात. इकडे बागवाले हिवाळा सरताना फुलणारी क्रोकस, स्नोड्रॉप, हेलेबोर अशी झाडं लावायला सांगतात. कारण बंबलबी नावाच्या केसाळ माशीची सगळी वसाहत थंडीत मरते. नवी राणी तेवढी मातीत दडून राहते आणि बर्फ वितळताना एकटीच बाहेर येते. तेव्हा तिला फूल मिळालं नाही तर पुढची वसाहतच होत नाही. तिकडेही थंडीत माश्यांचे हाल होत असतील ना? लव्हेंडर लावून बघा ताई, इथं त्यावर झुंबड असते.

गच्चीतली_बाग | १७ नोव्हेंबर

पाहुणे, राणीची गोष्ट झकास. पण आपलं गणित उलटं आहे. इथं थंडीत दडून बसायची वेळच येत नाही, फार तर सकाळी कामाला उशिरा लागतात. लव्हेंडर माघापर्यंत छान दिसतं, चैत्रात मान टाकतं. त्यापेक्षा सब्जा बरा. बी भिजवून फालुद्यात घाला, उरलेलं पेरा.

मोहोळतालुका | १७ नोव्हेंबर

ताई बरोबर बोलल्या. इकडं माशीचा उपास थंडीत नसतो, वैशाखात असतो.

रानातनं बघा. दसऱ्यानंतर तूर फुलते. तिच्यावर मोठे काळे भुंगे, आणि पोटाखाली पिवळा पराग चिकटवून फिरणाऱ्या एकट्या माश्या. मग ज्वारी निसवते, म्हणजे कणसं बाहेर पडतात. ज्वारीला मध नसतो, ती वाऱ्यावर फळते, तरी सकाळच्या पारी मालदांडीच्या कणसांवर माश्या पराग गोळा करताना दिसतात. पौषात करडई पिवळी व्हायला लागते, मग बांधाला उभं राहून नुसतं ऐकायचं. करडईला माशी फिरली तर दाणा चांगला भरतो, हे आमच्याकडं जुन्या माणसांनाही ठाऊक होतं. करडईचं भीमा वाण तर आपल्या सोलापूरच्याच संशोधन केंद्रातलं. त्याच सुमाराला शेवगा. मग काटेसावर, पळस, पांगारा, आणि चैत्रात कडुनिंबाचा मोहर.

निंबाचा मोहर झडला की ताट रिकामं. करंज, चिंच, वेडी बाभळ असं इकडं-तिकडं काहीतरी असतं, पण शहरात तेवढंही नाही. तेव्हा माश्या रसवंतीच्या चरकावर जाऊन मरतात. आग्या तर पोळं सोडून उठूनच जातो.

म्हणून माझं म्हणणं असं की थंडीत रोपं लावताना वैशाख डोक्यात ठेवून लावा. मार्चात वाळून जाणारी पन्नास रोपं आणण्यापेक्षा आता फुलून मेपर्यंत टिकणारी पाच आणा. मग कशाला कमी पडतंय बघू.

कडक_भाकरी | १७ नोव्हेंबर

काका, ज्वारीचं नाव काढलाव आणि पोटात कालवलं. हुरडा कधी?

मोहोळतालुका | १७ नोव्हेंबर

निसवली की सांगतो. शेंगाचटणी तू आण.

निवृत्त_बाई | १८ नोव्हेंबर

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे लांबण लागली तर चालवून घ्या.

गच्चीवर कोण येतं ते आधी ओळखायला शिका, मग कुठलं झाड लावायचं ते आपोआप कळतं. सोलापुरात सगळ्यात जास्त दिसते ती फुलोरी मधमाशी. बारीक, पोटावर तांबूस आणि काळे-पांढरे पट्टे. ती एकच पोळं बांधते, उघड्यावर, एखाद्या फांदीभोवती, साधारण तळहाताएवढं. लिंबात, बोगनवेलीत, कधी खिडकीच्या जाळीलाही सापडतं. जवळ चष्मा लावून बघाल तर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाचं कडं दिसेल. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती डिंक आणून लावते. ऊन तापल्याशिवाय कामाला लागत नाही. सातेरी त्यामानाने लवकर उठते. ती ढोलीत, भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते. लाकडी पेटीत पाळतात ती हीच. आग्या सगळ्यात मोठी, उंच इमारती आणि पाण्याच्या टाक्यांखाली. चौथी पोयाची माशी, मुंगीपेक्षा थोडी मोठी. तिची नांगी निकामी असते, पण चिडली तर केसांत शिरते.

एवढ्यावर लोक थांबतात. पण बागेतलं निम्मं काम एकट्या राहणाऱ्या माश्या करतात. त्यांना ना पोळं, ना मध साठवायची घाई. कोणाला चावायलाही त्या जात नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं तर सवडीनं लिहीन.

दुसरा_मजला | १९ नोव्हेंबर

बाई, मग माझा प्रश्न घ्याच. गुलाबाची पानं कोणीतरी कातरतंय. अळी दिसत नाही, विष्ठा दिसत नाही, पण पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल. नर्सरीवाला म्हणाला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळाशी ओता, आठवड्यात बंद होईल. ओतू का?

निवृत्त_बाई | १९ नोव्हेंबर

थांबा, ओतू नका!

ही पानकापी माशी आहे. अकराच्या उन्हात गुलाबासमोर गुपचूप बसा. माशी पानाच्या काठावर उतरते, पायांत कड पकडते आणि जबड्याने स्वतःभोवती वळत वळत कापत जाते. दहा-पंधरा सेकंदांत तुकडा सुटतो, तोच पोटाखाली गुंडाळून ती उडते. शेवटचा धागा तुटायच्या आधीच तिचे पंख फिरायला लागलेले असतात, नाहीतर तुकड्यासकट खाली पडेल. त्या तुकड्यांची ती सुरळी करते, पोकळ बांबूत, पाइपच्या तोंडात, भिंतीतल्या खिळ्याच्या भोकात. आत परागाचा लाडू, त्यावर एक अंडं, वरून गोल तुकड्यांचं झाकण. मग पुढची खोली.

गुलाबाचं काही बिघडत नाही. आणि काकांनी तुरीवर पोटाखाली पराग घेतलेल्या माश्या सांगितल्या ना, त्या हिच्याच गोतावळ्यातल्या. इतर माश्या पराग पायांवर नेतात, ही पोटाच्या केसांत.

इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतलं की झाडभर पसरतं, पानात, मधात, परागात. किडीला लागतं तसंच माशीलाही. युरोपात २०१८ साली हे आणि त्याच गटातली आणखी दोन औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी झाली, ती याच कारणासाठी. आपल्याकडे ते गुलाबाच्या चार कुंड्यांसाठी खुशाल हातात देतात.

दुसरा_मजला | १९ नोव्हेंबर

बरं झालं विचारलं. बाटली परत करतो.

कडक_भाकरी | २१ नोव्हेंबर

बाई आमच्या जास्वंदीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) लई झालाय. थंडी पडली की येतो दरवर्षी. त्याला काय करायचं मग? फवारायचं नाही म्हणलालाव.

निवृत्त_बाई | २१ नोव्हेंबर

आधी पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या खालच्या बाजूला. दोन-तीनदा केलं तरी बराच उतरतो. नाहीच ऐकलं तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात, सूर्य मावळल्यावर, आणि फुलं वगळून.

आणि शेजारी अलिसमची एक कुंडी ठेव, किंवा मूठभर धणे पेर आणि कोथिंबीर फुलू दे. त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, हवेत एकाच जागी थांबणाऱ्या माश्या येतात. त्या मधमाश्या नव्हेत, नुसतं सोंग आहे, दोनच पंख असतात. त्या स्वतः मध पितात पण अंडी माव्याच्या घोळक्यात घालतात, आणि निघालेल्या अळ्या मावा फस्त करतात. ती हिरवट, बिनपायांची अळी जास्वंदीवर दिसली तर चिरडू नकोस. लोक नेमकी तिलाच मारतात.

पुणेरी_पानफूल | २४ नोव्हेंबर

सोलापूरची नाही, तरी विचारते. गच्चीवरच्या टोमॅटोला फुलं भरपूर, फळ कमी. मधमाश्या येतच नाहीत त्याच्यावर. वांग्याचंही तेच.

गच्चीतली_बाग | २४ नोव्हेंबर

मधमाश्या येऊनही फारसा उपयोग नाही! टोमॅटो-वांग्याचा पराग नळीसारख्या कोषात कोंडलेला असतो, तो हादरवून बाहेर काढावा लागतो. मधमाशीला ते जमत नाही. भुंग्याला जमतं, आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीला. ती फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवते. तेव्हा तिच्या आवाजाची पट्टी एकदम चढते, शेजारी उभं असलं तर लगेच कळतं. टोमॅटो तसा आपल्या आपण फळतो, नुसता वाराही चालतो, पण चार भिंतींच्या आड वारा नसेल तर सकाळी घोसाला टिचकी मारत जा. आमच्याकडे जुना बॅटरीचा टूथब्रश आहे त्या कामाला.

वांग्याचं फूल उलटं करून बघ. मधली काडी पुंकेसरांच्या बाहेर आलेली असेल तर फळ धरेल. आखूड राहून आत दडलेली असेल तर ते फूल गळणारच, त्यात माशीचा दोष नाही.

मोहोळतालुका | २५ नोव्हेंबर

ही निळ्या पट्ट्यांची माशी गावाकडच्या धाब्याच्या घरात पैशाला पासरी होती. पांढऱ्या मातीच्या भिंतींना भोकं पाडून राहायची. आता सगळीकडं सिमेंट. तरी आमच्या जुन्या गोठ्याची एक भिंत उभी आहे, तिच्यात अजून आहेत. संध्याकाळी बघायसारखं असतं. नर माश्या वाळक्या काडीला जबड्यानं चावा घेऊन, पाय पोटाशी घेऊन ओळीनं झोपतात. हात लावला तरी पटकन उठत नाहीत.

भिंत नसेल तर एका मोठ्या कुंडीत नुसती माती दाबून कोरडी ठेवा. पानकापीला बांबूच्या पेराचे तुकडे, एका बाजूनं बंद, सावलीत आडवे बांधून. भुंग्याला सुकं लाकूड लागतं. पण तुमच्या पाळण्याचा दांडा पोखरला तर मला बोल लावू नका.

दुसरा_मजला | २ डिसेंबर

आमच्या बिल्डिंगच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलंय. मागे एकदा सोसायटीनं माणूस बोलावून पेटवून दिलं होतं. खाली जळक्या माश्यांचा खच, उरलेल्या दोन दिवस घराघरात घुसत होत्या. या वेळी परत तोच ठराव येतोय. शिवाय रात्री आमच्या ट्यूबलाइटवर माश्या येऊन पडतात, घरात लहान मूल आहे. बाग बंद करू का?

निवृत्त_बाई | २ डिसेंबर

बागेचा त्याच्याशी संबंध नाही. आग्या खूप लांबून चारा आणते, तुमच्या चार कुंड्यांसाठी ती तिथं बसलेली नाही. रात्री येतात त्या दिव्याला भुलून. चांदण्या रात्री ती उडूही शकते. टाकीच्या बाजूच्या खिडकीला पडदा लावा, गॅलरीतला दिवा आठनंतर बंद ठेवा. खाली पडलेल्या माशीची नांगी टोचते, म्हणून सकाळी झाडून काढेपर्यंत मुलाला अनवाणी सोडू नका.

तरी आग्याला हलक्यात घेऊ नका. एक चिडली की थवा मागे लागतो, माणूस दगावतो. टाकीवर कोणी चढणार असेल, रंगकाम असेल, पोरं दगड मारत असतील तर पोळं हलवणाऱ्या जाणकाराकडूनच रात्री काम करून घ्या. तशी अडचण नसेल तर उन्हाळ्यात त्या आपण होऊन जातात. सोसायटीला हे सांगा आणि टाकीखाली पाटी लावा. धूर आणि पलिते नकोत.

पुणेरी_पानफूल | ५ डिसेंबर

दुधीची पिटुकली पिवळी पडून गळतात. नर फूल घेऊन रोज सकाळी हाताने पराग लावते, तरीही.

गच्चीतली_बाग | ५ डिसेंबर

संध्याकाळी लाव. दुधीचं पांढरं फूल दिवस मावळताना उमलतं, त्याचा ग्राहक रात्रीचा पतंग. दोडकाही संध्याकाळचाच. लाल भोपळा आणि काकडी मात्र सकाळी, आणि भोपळ्याचं फूल तर ऊन चढलं की मिटतं.

कडक_भाकरी | ९ डिसेंबर

आमच्या शेवंतीला नुसती पानं. मावशीकडं त्याच रोपाची फांदी नेऊन लावली, ती फुलून गेली. पाणी तेच, खत तेच.

निवृत्त_बाई | ९ डिसेंबर

तुमच्या कुंडीवर रात्री रस्त्यावरचा दिवा पडतो का बघ. शेवंतीला लांब, सलग अंधार लागतो, तेव्हाच ती कळ्या धरते. पॉइन्सेटियाचंही तसंच. कुंडी घराच्या मागे ने.

कडक_भाकरी | ९ डिसेंबर

दिवा बरोबर डोक्यावर आहे! नवा एलईडी बसवलाय तिथं. नेतो मागं.

गच्चीतली_बाग | १४ डिसेंबर

काकांच्या वैशाखावर विचार करत होते. थंडीत फुलून पुढेही तग धरणारी, कमी पाण्यावरची माझी निवड अशी. पहिला सब्जा, तुरे छाटत राहिलं तर फुलतच राहतो. दुसरी आइसक्रीम क्रीपर, ती गुलाबी वेल. तिच्याइतक्या माश्या मी दुसऱ्या कुठल्याही वेलीवर पाहिलेल्या नाहीत, मात्र ती माजते, दरवर्षी कापून आटोक्यात ठेवायची. ऑफिस टाइम (पोर्तुलाका) आत्ता सुस्त आहे, उन्हाळ्यात जोरात येईल. तोही साधा, पाच पाकळ्यांचा घ्यायचा. सदाफुली फुलपाखरांसाठी. पिवळा टेकोमा लावावा की नाही याबद्दल मन द्विधा आहे. भुंगे त्यावर येतात, पण पुढच्या दाराने न जाता फुलाच्या बुडाला चीर पाडून मध चोरतात. पराग जागच्या जागी. तरी त्यांचं पोट भरतं म्हणून राहू दिलाय.

अंगण असेल त्यांनी शेवगा लावावाच. त्याच्या फुलात नीट शिरून काम करणारा खरा भुंगाच, मग शेंगा बघा. आणि कंपाउंडबाहेर रुई उगवली असेल तर काढू नका. तीही भुंग्याचीच, शिवाय तिच्या पानांवर नारिंगी-काळ्या फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या वाढतात.

पाण्यासाठी उथळ परळ, त्यात खडे, पाणी खड्यांच्या वर नाही. माशी काठावर बसून पिते, खोल भांड्यात बुडते. डासांची भीती असेल तर एक दिवसाआड कोरडं करून परत भरा.

टोरांटोचा_पाहुणा | १५ डिसेंबर

आईच्या अंगणात डाळिंब आहे, होटगी रोडला. फुलं येतात, गळतात. फोनवर रोज ऐकतो.

मोहोळतालुका | १५ डिसेंबर

त्यांना फुलाचं बूड बघायला सांगा. बूड फुगीर, मडक्यासारखं असेल ते फळ धरतं. घंटेसारखं निमुळतं ते नर, गळणारच. सगळीच गळत असतील तर पाणी एकदम कमी-जास्त होतंय का ते बघा. आणखी शंका असेल तर केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे.

पुणेरी_पानफूल | ४ जानेवारी

काका, करडई कुंडीत येईल का? फोटो बघून मोह होतोय.

मोहोळतालुका | ५ जानेवारी

येते. पण तिचं मूळ सरळ खोल जातं, म्हणून रंगाची वीस लिटरची बादली घ्या, बुडाला भोकं पाडा आणि बी तिथंच टोका. रोप उपटून लावलं तर रुसतं. आता उशीर झालाय, पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पेरा. पाणी बेताचं, जास्त झालं तर मर लागते, रोप वाळून जातं. घरात लहान मुलं असतील तर बिनकाट्याचं वाण बघा, फलटणच्या निंबकर संस्थेचं नारी-६ तसलं आहे. नाहीतर काढणीला हातमोजे लागतात.

गच्चीतली_बाग | ५ जानेवारी

कोवळी असताना भाजीला खुडली तर फुलं कमी येतात का हो काका? आमच्या घरात पानं टिकायची नाहीत.

मोहोळतालुका | ५ जानेवारी

कोवळेपणी एकदा शेंडा खुडला तर उलट बाजूनं फांद्या फुटतात, बोंडं वाढतात. फुलं थोडी मागं पडतात एवढंच. भाजीत लसूण सढळ घाला, मुगाची डाळ भिजवून टाका. पण दुसऱ्यांदा खुडायला जाऊ नका. तोवर काटे आलेले असतात.